परवाचं ऊन

मी गावाच्या वेबसाइटवर हवामानाची छोटी चौकट केली, तेव्हा गावात रेंज कमी म्हणून अंदाजाची चित्रं एकदा उतरवून साठवून ठेवायची सोय केली. जुनं चित्र टाकून नवं आणायला मात्र त्या चौकटीला सांगायचं विसरलो.

पिंपरी पेंढारच्या आमच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवायला एक मेंढपाळ आला होता. त्याला ती चौकट मी ऐटीत दाखवली. "पावणं, ऊनच आहे. कोकरं ओढ्याकाठीच राहू द्या."

त्याने मोबाइल हातभर लांब धरला, मग मेंढ्यांकडे पाहिलं. पावसाआधी चिकटतात तशा त्या तोंडं आत घालून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"भाऊ, ह्ये ऊन कवाचं?"

मी तारीख पाहिली. परवाचं होतं.

तो धावत ओढ्याकडे उतरला. दोन कोकरं काखेत, एक खांद्यावर. मीही धडपडत दोन उचलली. शेवटचं वर आणलं तेव्हा सरी कोसळत होत्या आणि मागे ओढा गढूळ होऊन फुगत होता.

"शिळं चालतंय राव," तो अंग पुसत म्हणाला, "पन शिळं हाय म्हनून सांगत जावा."

त्याचं नाव विचारायचंही राहिलं.

रात्री बायकोने सगळं ऐकून घेत ताट वाढलं.

"भाकरी सकाळची आहे," ती म्हणाली. "सांगितलं हं मी."