सईची मादाम

मादामकडे भविष्यकाळात खोटं बोलायला बंदी होती. भूतकाळात हवं ते बोला. "काल मी हत्तीवर बसून शाळेत गेलो," असं एखाद्या मुलाने फ्रेंचमध्ये म्हटलं, तर त्या खूश होऊन फक्त क्रियापद तपासत. पण भविष्यकाळाचा धडा आला की पाठ्यपुस्तक मिटून बाजूला ठेवत. "ये पुस्तकातला पॉल उद्या बाजारात जाईल, तो जाऊ दे. तू काय करशील ते बोल. आणि खरं बोल." माझी मुलगी सई नववीत असताना या बाईंकडे फ्रेंच शिकायला जाऊ लागली आणि त्या वर्षी मी जेवढी जळले, तेवढी आयुष्यात कुणावर जळले नसेन.

उल्हासनगरला कॅम्प पाच या वस्तीत, चेन आणि बटणांच्या एका दुकानावर मादामचं दोन खोल्यांचं घर होतं. साठी ओलांडलेल्या सिंधी बाई. लग्न होऊन आफ्रिकेत टोगोला गेल्या आणि नवऱ्याच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी घासाघीस करता करता फ्रेंच शिकल्या. नवरा वारल्यावर परत आल्या. मुलं त्यांना मादाम म्हणत, म्हणून खालचा दुकानदारही मादामच म्हणे. मला त्या 'टीचर' म्हणत, कारण मी बदलापूर गावातल्या एका शाळेत मराठी शिकवते. शाळा सुटली की अंबरनाथला घरी यायचं, सईला स्कूटरवर मागे बसवायचं आणि कॅम्प पाच गाठायचं. तास संपेपर्यंत मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसे. मधे फक्त एक पडदा होता.

घरी सई 'हं' आणि 'माहीत नाही' एवढ्यावर दिवस काढत होती. पडद्याआड तीच मुलगी खदखदून हसायची, हट्ट करायची, मधेच गाणं म्हणायची. मी लाल पेन हातात धरून ऐकत बसे. तिचा तो आवाज मी तिच्या लहानपणानंतर ऐकलाच नव्हता.

आणि बाई शिकवायच्याही चांगलं! त्यांचं मराठी अर्धं हिंदीत बुडालेलं, तरी एकदा त्यांनी 'जाणार आहे' आणि 'जाईन' यातला फरक असा सांगितला, की मी पेपर बाजूला ठेवला. "'जाणार आहे' म्हणजे चप्पल पायात घातली. 'जाईन' म्हणजे अभी मन बनतंय. फ्रेंचमध्ये पण सेम. दोन वेगळे फ्यूचर." दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात मी हे चपलेचं उदाहरण माझंच असल्यासारखं दिलं. मुलांना पटकन कळलं. त्याचाही मला रागच आला.

सगळ्यात वाईट म्हणजे पाव. टोगोत लांबलचक फ्रेंच पाव घरोघरी खातात म्हणे. मादाम आपल्या लहानशा ओव्हनमध्ये तसे पाव भाजत आणि तास संपला की मुलांना लोणी लावून देत. पुढे पुढे सई मला लवकर निघायला लावून तासाआधी पीठ मळू लागली. घरी मी कणीक मळायला सांगितली की हिचे हात दुखत. इथे कोपरापर्यंत पीठ माखून उभी. "टीचर, तुमच्या पोरीचा हात बघा. पीठ ऐकतं तिचं," मादाम कौतुकाने म्हणाल्या. मी हसले. हातातला पाव मात्र तसाच बशीत ठेवला.

दहावीचं वर्ष सुरू झालं. सईच्या बाबांनी आणि मी तिला डॉक्टर करायचं केव्हाच ठरवलं होतं; क्लासची चौकशीही झाली होती. अशाच एका संध्याकाळी पडद्यामागे मादाम म्हणाल्या, "चल, नकार घालून फ्यूचर बोल." सई ठामपणे म्हणाली, "ज न सरे पा मेदसँ."

इतके महिने ऐकून ऐकून माझ्याही कानांवर संस्कार झाले होतेच. 'सरे' म्हणजे होईन, 'पा' म्हणजे नाही, आणि 'मेदसँ' कळायला फ्रेंच यायला हवं असं नाही. मी डॉक्टर होणार नाही. पाठोपाठ तिने आणखी एक वाक्य म्हटलं, "ज फरे द्यु पँ." मादाम काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी चूक काढली नाही आणि त्यांना आश्चर्यही वाटलं नाही. हे वाक्य त्यांनी आधी ऐकलेलं होतं, एवढं मला त्या शांततेतून समजलं.

तास संपल्यावर सईला मी खाली स्कूटरपाशी पाठवलं आणि पडदा सारून आत गेले.

"तुम्हाला माहीत होतं?"

मादाम ओट्यावरचं पीठ पुसत होत्या. "हो. दिवाळीपासून."

"आणि आईला सांगावंसं नाही वाटलं?"

"रोज तिला बोलते मी, घरी सांग. मराठीत सांग. काय म्हणते ठाऊक आहे? म्हणते, मादाम, मराठीत बोलले की आई रडेल. फ्रेंचमध्ये कोणी रडत नाय."

मी तिथल्या तिथे रडले. मादामनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, "टीचर, ती माझ्याकडे बोलते, कारण माझं त्याच्यात काही जात नाय. तुमचं जातं." त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. म्हणूनच ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

घरी आल्यावर मी सईला सरळ विचारलं, "दुसऱ्या वाक्याचा अर्थ काय?" ती दचकली. मग खाली बघत म्हणाली, "मी पाव करीन." "डॉक्टर व्हायचं सोडून पाव?" "हो. बेकरी काढीन." मी रडले नाही. तिने ते फार बारकाईने पाहिलं आणि मग जेवायची वेळ झाली तरी ती बोलतच होती. तिच्या बाबांना पटायला बरेच महिने गेले. शेवटी दहावीनंतर तिने कॉमर्स घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी कॅम्प चारमधल्या एका बेकरीत काम शिकायला जाऊ लागली.

त्याच सुमारास मादामच्या मुलाने त्यांना इंदूरला नेलं. निरोपाच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं तरी सई त्यांच्या गळ्यातून सुटेना. मला मेलीने कधी अशी मिठी मारली नव्हती. मादामनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, तिचे हात सोडवले आणि तिला माझ्याकडे ढकललं. मग मागे न बघता टेम्पोत पुढे बसल्या.

आता रविवारी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. दोघी फ्रेंचमध्ये खिदळतात आणि मी उगाच त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसते.

गेल्या रविवारी सई बेकरीतून आली ती थेट माझ्याजवळ येऊन जमिनीवर आडवी झाली. मनगटावर भट्टीचा चटका होता. मी मलम लावत असताना म्हणाली, "आई, मला हे जमेल असं वाटत नाहीये गं. आज सगळा घाणा वाया गेला माझ्यामुळे. मालक सगळ्यांसमोर बोलले मला." थोड्या वेळाने म्हणाली, "मादामना सांगू नकोस हं. त्यांना किती खात्री आहे माझी. तुलाच सांगतेय."

मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. तेवढ्यात फोन वाजला. इंदूरचा. मी कॅमेरा बंद ठेवून फोन कानाला लावला.

"टीचर, सई कुठे आहे?"

"झोपलीय हो," मी म्हटलं.

सई टक्क जागी होती. माझ्या मांडीवर डोकं ठेवून.