बुवांचा डावा गाल

संगमनेरात तेव्हा मी नाटकाचे पडदे आणि दुकानांच्या पाट्या रंगवत असे, आणि स्वतःला फार मोठा चित्रकार समजत असे. (हे मत अजूनही बदललेलं नाही.) त्यामुळे गावातल्या गायन मंडळाने बुवांचं तैलचित्र काढाल का विचारलं, तेव्हा प्रश्न संपायच्या आत मी हो म्हणून मोकळा झालो.

बुवा म्हणजे चिजा बांधणारे बुवा. त्यांच्या चिजा मुंबईच्या रेडिओवर मोठमोठे गवई गात. बुवा मात्र आमच्याच पेठेत राहिले आणि आदल्या वर्षी, मी गावात येण्याआधीच, तिथेच वारले; मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. चेहऱ्याचा पुरावा एकच, स्टुडिओत काढलेला फोटो. त्यावर चौकटी आखून मी भुवईच्या केसापर्यंत मोजमाप घेतलं. लढाईमुळे विलायती रंगांच्या नळ्या मिळत नव्हत्या, म्हणून पडद्याचेच रंग जवसाच्या तेलात घोटले. मंडळाच्या चिटणिसांनी फोटो आणि चित्र शेजारी शेजारी धरले. "हुबेहूब!" म्हणाले. मी अशी मान लववली, की आता फक्त पडदा पडायचा बाकी होता.

अनावरणाला आठ दिवस राहिले होते. बुवांच्या पत्नी, ज्यांना सगळी पेठ काकी म्हणे, चित्र पाहायला आल्या. त्यांनी चष्मा लावला, काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला.

"छान काढलंय हो," त्या म्हणाल्या. "कोण आहेत हे?"

काकी गेल्यावर चिटणिसांनी मला दारातच गाठलं. "काकींना पटलं तर चित्र भिंतीवर. नाहीतर पुण्याच्या चित्रकाराला तार करतो, आणि तुम्ही आपल्या पाट्याच रंगवा."

पाट्याच! तो 'च' मला तीन दिवस टोचत होता. तीन दिवस मी फोटो आणि चित्र ताडून पाहिले. नाक तेच, कान तेच, चूक काही सापडेना. दाढीचे खुंट वाढले. चौथ्या दिवशी पेठेतल्या म्हाताऱ्या न्हाव्याकडे गेलो. बुवांची दाढी वीस वर्षं त्यानेच केली होती. माझ्या तोंडाला साबण लावून होताच मी फोटो त्याच्यापुढे धरला.

"हे बुवा न्हाईत," तो म्हणाला.

"अहो, फोटो आहे हा त्यांचा!"

"फोटू असंल. पर डावा गाल कुटं हाय, पेंटर? तितं कायम पान हुतं. वस्तरा लावायच्या आदी मी म्हनायचो, बुवा, पान उजवीकडं घ्या. तर म्हनायचे, चीज जुळत आलीया, हलवू नको. लई जपून करावं लागायचं. फोटूवाल्यानं थुंकायला लावलं असंल, दुसरं काय!"

मी उठलो आणि साबणासकट घराकडे पळालो. पेठेने ते दृश्य फुकटात पाहिलं.

डावा गाल फुगवला. तसा ओठ किंचित वाकडा झाला, डावा डोळा जरा बारीक झाला, आणि फोटोतला तो गंभीर गृहस्थ निघून गेला. ओठांचा रंग मात्र जमेना. शेवटी पानवाल्याकडून कात आणून तोच तेलात घोटला.

अनावरणाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. अध्यक्षांनी दोरी ओढली आणि चित्राकडे पाहून दचकलेच. "गालाला सूज आलीय का बुवांच्या?" ते पुटपुटले. चिटणिसांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पुण्याची तार अख्खी लिहिलेली होती.

काकी उठल्या. चित्रापाशी आल्या. या वेळी चष्म्याला हातही लावला नाही. पदर खोचला आणि भरल्या सभेत कडाडल्या,

"अहो, थुंका आधी ते! एवढी माणसं आलीत!"

क्षणभर कुणाला काही कळेना, काकींनाही. मग त्यांनीच पदर तोंडात कोंबला आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. असा टाळ्यांचा कडकडाट माझ्या एकाही पडद्याला मिळाला नव्हता. मी वाकून नमस्कार केला. चारदा. पाचव्यांदा न्हाव्याने मला सदरा ओढून खाली बसवलं.

पुण्याला तार गेली नाही. दुसऱ्या दिवशी काकींनी घरून बुवांची पितळी पिकदाणी पाठवली. ती अजून त्या चित्राखालीच आहे, आणि मंडळाचा गडी दर शनिवारी ती चिंचेने घासतो, रिकामी असली तरी.