आमच्या गल्लीचा ई-मेल

अकोटला आमच्या गल्लीत बरीच वर्षं एकच ई-मेल होता आणि तो माझ्या नावावर होता. मी दहावीत असताना एका ऑनलाइन सेंटरवाल्यानं तो काढून दिला. शिष्यवृत्तीच्या अर्जातला तो रकाना रिकामा सोडता येत नव्हता, एवढंच कारण. काही दिवसांनी शेजारच्या भाजीवाल्या काकू त्याच सेंटरवर गेल्या. तिथं पुन्हा तोच रकाना आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या फुलवाल्याच्या पोट्ट्याचा टाक ना. हाय त्याच्यापाशी."

तेव्हापासून दाखला असो, गॅस असो की कुणाच्या मुलीची परीक्षा, गल्लीतल्या प्रत्येक अर्जावर माझाच पत्ता लागत गेला. मोबाइल नंबर ज्याचा त्याचा, नाहीतर सेंटरवाल्याचा. ई-मेल आमचा. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

बारावीनंतर मी कॉम्प्युटरच्या पदवीसाठी अमरावतीला आलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. निघताना तो ई-मेल बाबांच्या फोनवर चालू करून दिला. बाबा झेंडू आणि शेवंती लावतात आणि मंदिराजवळच्या कोपऱ्यावर हार विकतात. मराठी ते वाचतात, इंग्रजी अक्षरं जुळवून नावापुरती. फोन प्लास्टिकच्या पिशवीत असतो, कारण बोटं ओली असतात. मेल आला की ते "टपाल आलं" म्हणतात. दाखल्याच्या मेलमध्ये कुणाचं नाव नसतं, नुसतं 'प्रिय अर्जदार' असतं. नाव सोबत जोडलेल्या कागदात असतं. बाबा पाकिटावरचं नाव बघावं तसं तो कागद उघडून नाव बघायचे, लगेच बंद करायचे आणि संध्याकाळी फोन घेऊन त्या घरी जायचे. तिथलं कुणीतरी आपल्या फोननं स्क्रीनचा फोटो काढायचं. मग बाबा मेलवर बोट ठेवून तो बाजूला सरकवायचे आणि तो दिसेनासा व्हायचा. "झालं. तुमचं तुमच्यापाशी," असं म्हणून चहा घेऊन परत यायचे. हे मी सुट्टीत अनेकदा पाहिलं होतं. त्याकडे कधी नीट लक्ष दिलं नव्हतं.

मी तिसऱ्या वर्षाला असताना, एका शनिवारी सकाळी, आमच्या शेजारच्या चाचांच्या मुलीचा फोन आला. चाचांचं गादी-रजईचं दुकान आहे. कापूस पिंजायची मशीन दुकानातच असल्यामुळं त्यांच्या घरातल्या सगळ्यांना मोठ्यानं बोलायची सवय आहे. ती अकोल्याला जठारपेठेत तिच्या खालाकडं, म्हणजे मावशीकडं, उतरली होती. नर्सिंगच्या प्रवेशाची कागदपत्रं तपासून घ्यायची होती.

"दादा, माझा रहिवासी दाखला त्याइनं परत केला," ती म्हणाली. "बारकोड वाचूनच नाई राहिला. अब्बूनं लॅमिनेशन केलं होतं ना, खराब होऊ नये म्हणून? त्याच्यातच खराब झाला."

"नवीन नाई निघत?"

"निघते. पंधरा दिवसानं. इथं सोमवारी दुपारी खिडकी बंद होते. मंग सीट दुसऱ्याले."

दाखला ती शाळेत असताना काढला होता. नक्की कधी, ते तिला किंवा चाचांना आठवत नव्हतं. ज्यानं काढून दिला तो सेंटरवाला गाव सोडून गेला होता आणि अर्जावर त्याचाच मोबाइल नंबर होता, त्यामुळं दाखल्यांच्या सरकारी संकेतस्थळावर शिरायचा मार्ग बंद. राहिला फक्त माझा ई-मेल. मंजूर झालेला दाखला त्यावर आला असणार, अस्सल, बारकोडसकट.

मी तिला सांगितलं, पाहतो. मला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम आहे. फोनवर तिचं नाव टाकून शोधलं, काही आलं नाही. संकेतस्थळाचं नाव टाकून शोधलं, तर पानांमागून पानं आली. सगळ्यांचा विषय एकच, सगळ्यांवर 'प्रिय अर्जदार', आणि प्रत्येकाला एक कागद जोडलेला. अख्ख्या गल्लीचे कित्येक वर्षांचे दाखले. काही उघडून पाहिले. उत्पन्नाचे, जातीचे, कुणाचा विवाहाचा. असं एकेक उघडत बसलो तर सोमवार निघून जाईल, असं वाटलं.

आमच्या लॅबमधल्या सरांनी एकदा वर्गात सांगितलं होतं की मेल शोधायचं एक साधन असतं. ते काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून चालतं. आधी सगळे मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे, मग ते साधन प्रत्येक मेल वाचून सूची करतं. पुस्तकाच्या शेवटी असते तशी, कोणता शब्द कुठल्या पानावर. एकदा सूची झाली की शोधायला क्षणही लागत नाही. मी हे स्वतः कधी केलं नव्हतं. शनिवारी लॅब अर्धा दिवस उघडी असते. सरांना अडचण सांगितली. त्यांनी कोपऱ्यातलं एक मशीन दाखवलं आणि म्हणाले, "बस. अडलं तर विचार. आणि हे दुसऱ्यांचे कागद आहेत, काम झालं की इथून पुसून टाकायचे."

साधन बसवणं सोपं होतं. मेल उतरवून घेणं अवघड निघालं, कारण ई-मेलवाल्यांना अनोळखी मशीन चालत नाही. त्यांनी खात्री करायला एक आकडा पाठवला. तो बाबांच्या फोनवर गेला. बाबा कोपऱ्यावर होते.

"बाबा, आता एक आकडा आला असंन. वाचा बरं."

"आला. सात... थांब. दोन हार का, बाई? मोठे का लहान?"

"बाबा, त्याले वेळ नसते."

"गिऱ्हाइकालेई नसते. हां, लिही. सात, शून्य, चार..."

तोपर्यंत आकड्याची मुदत संपली. दुसरा मागवला. त्या वेळी बाबांनी आधीचाच आकडा पुन्हा वाचला, कारण तो वर होता. तिसऱ्या वेळी शेजारच्या नारळवाल्यानं फोन हातात घेतला आणि सगळे आकडे एका दमात सांगितले. मागून बाबांचा आवाज आला, "शिकून राहिला का भांडून राहिला रे तू तिथं?"

मग मेल उतरू लागले. मशीनवर एकेक मेलची एकेक फाइल होत होती. कुठले मेल उतरवायचे ते एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. मी नमुन्याची फाइल घेतली होती. तिच्यात 'इनबॉक्स' लिहिलं होतं, तेच राहू दिलं. मला वाटलं, आलेलं सगळं इनबॉक्समध्येच असतं.

सूची करायचा हुकूम दिला. ती झाली. तिचं नाव टाकलं. शून्य.

तेव्हा कळलं की साधन मेलचा मजकूर वाचतं, जोडलेले कागद वाचत नाही. हे मी आधी वाचायला हवं होतं. सरांना विचारलं. त्यांनी कागदांमधला मजकूर वेगळा काढणारा एक छोटा हुकूम सांगितला आणि तो प्रत्येक फाइलवर कसा चालवायचा तेही. त्याला अर्धा तास लागला असेल. मग पुन्हा सूची, पुन्हा तिचं नाव. शून्य.

काहीतरी चुकत असेल म्हणून मी चाचणीसाठी माझं नाव टाकलं. माझे सगळे दाखले एकाखाली एक आले. म्हणजे साधन नीट चालत होतं. मग गल्लीतली एक-दोन नावं टाकून पाहिली. भाजीवाल्या काकूंच्या मुलाचं नाव टाकलं, तर एक कागद आला. एका भरतीचा, वर्षभरापूर्वीचा, त्यात तो अपात्र ठरल्याचं लिहिलं होतं. काकू तर सांगत होत्या की तो अजून वाट पाहतोय. बहुतेक त्यानंच घरी सांगितलं नसेल. बाबांना तो मेल दिसला असेल, पण इंग्रजीतला होता आणि कागदावर दाखल्यासारखा मोठा शिक्का नव्हता, म्हणून त्यांनी तो जाहिरातींत धरून तसाच सोडला असावा. मी तो कागद बंद केला. त्यानंतर तिच्या नावाशिवाय कुठलंही नाव टाकलं नाही.

दुपार झाली होती. तिचा पुन्हा फोन आला.

"सापडलं का?"

"अजून नाई. कॉम्प्युटर शोधून राहिला."

"तू त्याले शोधायले सांगून राहिला का तो तुले सांगून राहिला?" ती हसली, पण तिचं हसणं लवकर थांबलं. मागं खालाचा आवाज येत होता. "दादा, खरं सांग. नसंन तं नसंन. मी अब्बूले तसं सांगते. म्हणजे ते उगाच दुकान बंद करून अकोल्याले येणार नाईत."

मी म्हणालो, सोमवारपर्यंत वेळ आहे.

तिचा मेल आलाच नव्हता की काय, असं मला वाटू लागलं. खात्री करायला बाबांना फोन लावला. चाचा त्यांच्याजवळच येऊन बसले होते.

"बाबा, चाचाच्या पोरीचा दाखला आला होता का मेलवर? रहिवासी."

"आला होता ना. त्याइच्या घरी नेऊन देला म्या तवाच. काय म्हणता, भाई?"

मागून चाचा म्हणाले, "दिया था, बेटा. हमने फोटो निकाला था. वो फोन गिर गया कुएं में. फोन भी गया, फोटो भी गया."

"मंग आपल्यापाशी काहून नाई?"

"आपल्यापाशी काहून राहीन?" बाबांना प्रश्नच समजला नाही. "पोस्टमन पाकीट देल्यावर घरी ठेवते का? ज्याचं त्याले देलं का मी बाजूले करून टाकतो. सगळ्याइचंच करतो."

चाचा हळूच म्हणाले, "बराबर किया, भाई. दूसरे का कागज घर में क्यूं रखना."

मी फोन ठेवला. म्हणजे माझ्या मशीनवर होते ते गल्लीचे उरलेसुरले मेल, बाबांनी कुणाला न दिलेले. बाकी सगळे वर्षानुवर्षं इमानानं पोचवून पुसले गेले असणार. बाबांवर रागावण्यासारखं काही नव्हतं. पण सकाळी फोनवर तर अख्ख्या गल्लीचे दाखले दिसले होते, पुसले असते तर ते कुठून आले?

मग बाबांचं बोट आठवलं. ते मेल कसा काढतात ते आठवलं. ते कचऱ्याच्या डब्याच्या खुणेवर बोट ठेवत नाहीत. बोट ओलं असतं, म्हणून ते मेल नुसता आडवा सरकवतात. मी माझ्या फोनवर एक जाहिरातीचा मेल तसाच सरकवून पाहिला. खाली बारीक अक्षरांत आलं की मेल संग्रहात ठेवला आहे. पुसला, असं आलं नाही.

सरांना विचारलं. ते म्हणाले, "मग 'सगळे मेल' नावाचा वेगळा कप्पा असेल. तू इनबॉक्सच उतरवलास ना?"

लॅब बंद व्हायची वेळ झाली होती. सरांनी घड्याळाकडं पाहिलं आणि ते किल्ली टेबलावर ठेवून परत बसले. मी फाइलमध्ये इनबॉक्सच्या जागी त्या कप्प्याचं नाव लिहिलं. मेल पुन्हा उतरू लागले, आणि आधीपेक्षा कितीतरी जास्त वेळ उतरत राहिले. मग कागदांचा मजकूर, मग सूची. तिचं नाव टाकलं.

एक ओळ आली. उघडून पाहिलं. रहिवासी दाखला होता, खाली काळा कुळकुळीत बारकोड. सरांनी स्वतःच्या फोननं तो वाचून पाहिला. वाचला.

मी तो तिला पाठवला. तिनं फोन केला नाही. काही वेळानं जठारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानातून फोटो आला, नुसता कागदाचा, अजून मशीनच्या तोंडात अर्धा अडकलेला. सोमवारी खिडकीवर दाखला घेतला गेला. दुपारी तिचा मेसेज आला, "झालं. अब्बूले सांग, लॅमिनेशन नको." तिला सीट मिळाली आणि ती आता अकोल्यालाच शिकते.

शनिवारी निघताना मी उतरवलेले सगळे मेल आणि ती सूची मशीनवरून पुसली. सरांनी दाखवलेल्या हुकमानं, म्हणजे परत येणार नाहीत अशा रीतीनं. ई-मेलच्या खात्यातले मूळचे मेल तसेच राहिले.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांना सांगणार होतो की मेल असे सरकवल्यानं जात नाहीत, सगळे मागं साठून राहतात. ते ओल्या बोटांनी झेंडू ओवत होते. त्यांनी आधीच विचारलं, "चाचाच्या पोरीचं तिले देलं ना तू?"

"देलं."

"मंग आपल्या फोनातून काढ. तिचं हाय ते. पिशवीतून काढून घे फोन, माझे हात भरले हायेत."

मी फोन काढला. त्या शनिवारी तिला पाठवण्यासाठी तो मेल मीच इनबॉक्समध्ये परत आणला होता. मी त्यावर बोट ठेवलं आणि तो आडवा सरकवला.

"गेला?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो, आणि फोन पिशवीत परत ठेवला.