उरलेला स्क्रू

सांगलीत स्टँडमागं त्याचं लॅपटॉप-मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक काउंटर आणि वर एक दिवा. इतक्या वर्षांत मी त्याचं नाव विचारलेलं नाही. मी माधवनगरच्या शाळेत शिकवतो, एवढंच त्याला माहीत. लॅपटॉप खोलताना तो त्याच्याशीच बोलतो, "थांब रं, झालंच."

दुरुस्तीनंतर कधीमधी एखादा स्क्रू उरतो. बाकीचे मेकॅनिक तो गुपचूप टाकून देतात. हा मात्र अंगाऱ्यासारखी कागदाची पुडी बांधून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो. "एक ऱ्हायला बगा. कुठला ते कळंना. जपून ठेवा."

मलाही एकदा अशी पुडी मिळाली. लॅपटॉप झकास चालत होता, म्हणून मी ती घरी येऊन केरात टाकली.

तीन महिन्यांनी भर दुपारी तो आमच्या स्टाफरूमच्या दारात उभा. हातात छोटा स्क्रूड्रायव्हर.

"आवं सर, तुमच्यासारकाच एक लॅपटॉप आला हुता. खोलल्यावर कळलं, तुमचा त्यो स्क्रू पंख्याखालचा हाय. आना पुडी, दोन मिंटात बसवतो."

मी उगाच ड्रॉवर उघडला, बॅगेचे कप्पे चाचपले.

"घरी राहिली वाटतं," मी म्हणालो.

"मग उद्या येतो की," म्हणत त्यानं उन्हात गाडीला किक मारली.

संध्याकाळी मी सांगलीतली तीन दुकानं पालथी घातली. पंख्याखालचा तसला स्क्रू कुणाकडंच नव्हता. चौथं दुकान त्याचं होतं.