पडीक शेतातला तांदूळ

माझी भाची आकाशातून जमीन बघण्याची नोकरी करते. मी सातवीनंतर शाळा सोडलेली, पुढचं सगळं वाचून-ऐकून शिकलेली बाई, तेव्हा हे काय प्रकरण आहे ते मला तीनदा विचारावं लागलं. उपग्रह फोटो काढतो. ही पनवेलला बसून त्या फोटोंत भात कुठे, पाणी कुठे, घरं कुठे ते रंगवते. मग गेल्या वर्षी काय होतं, यंदा काय बदललं, ते लिहून काढते. म्हणजे आमच्या आळीतल्या बायका विहिरीवर जे फुकट करतात, त्याचा हिला पगार मिळतो.

यंदा चैत्रात ती आठ दिवस माझ्याकडे राहायला आली. आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीला आत. घरात रेंज येते ती फक्त ओटीवर, भाताच्या कणगीला टेकून बसलं तर. तिथे ती लॅपटॉप मांडून बसली.

मी विचारलं, "एवढ्या जगाचे फोटो या डब्यात मावतात?"

"नाही गं मावशी. आधी ऑफिसच्या मशीनवर उतरवून घ्यायचो. एका तालुक्याचे उतरायला लावले की चहा व्हायचा, जेवण व्हायचं, तरी ते उतरतच असायचे. आता सगळं क्लाऊडवर नेलं. फोटो तिकडेच, काम तिकडेच. दहा वर्षांचं पाच मिनिटांत."

शेजारचे भावजी पायरीवर तंबाखू मळत होते. "क्लाऊड म्हंजे काय गो?"

"ढग," मीच सांगितलं.

"ढगान ठेवलाय सगला? मंग पाऊस परला की आमचे आंगनान येल!"

भाची हसली. पण संध्याकाळपर्यंत हाच विनोद तिला आणखी पाच जणांनी ऐकवला, प्रत्येकाने आपणच शोधल्यासारखा. शेवटी चिडून म्हणाली, ढग-बिग काही नाही, लांब कुठेतरी मोठ्या इमारतीत मशिनं असतात. मी म्हटलं, मग वखार म्हणा की सरळ.

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक रंगीत नकाशा लागला.

आमची शेती खारातली, म्हणजे खाडीलगतच्या खारट जमिनीतली. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधाला उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी झडपांचं दार. ओहोटीला उघडतं, पावसाचं पाणी जाऊ देतं, आणि भरती आली की पाण्याच्या रेट्यानेच मिटतं. आमच्या उघाडीच्या झडपा कुजल्या होत्या आणि शेजारचा बांध जागोजागी खचला होता. पावसाळ्याच्या उधाणात खारं पाणी आत आलं की दोन-तीन वर्षं भात विसरायचा. दुरुस्ती अलिबागच्या सरकारी कचेरीने करायची, आणि कुठल्या बांधाची करायची ते ठरणार या नकाशावरून. नकाशात आमचा अख्खा खार मातकट रंगाचा. खाली रंगाचा अर्थ दिलेला: पडीक.

मी रिक्षा धरून अलिबागला गेले. साहेब स्क्रीनकडे बघत म्हणाले, "आजी, तिथे शेतीच होत नाही. पडीक जमिनीला बांध कशाला?"

"मग मी जेवते काय?"

"उपग्रह खोटं बोलत नाही."

"तुम्ही एकदा येऊन तर बघा. रिक्षाने तासाभराचं."

"आता जायची गरजच नसते, आजी. सगळं क्लाऊडवर आहे."

आमचं गाव साहेबांना रिक्षाने लांब होतं आणि आकाशातून जवळ.

घरी येऊन मी फोनमधला नकाशाचा फोटो भाचीपुढे धरला आणि साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. ती फोटो मोठा करून बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मावशी, हा आमचा नकाशा आहे."

"आमचा म्हणजे?"

"मी केलाय. रायगडचा किनारा माझ्याकडे होता. गावची आहे म्हणून मला दिला."

लहानपणी याच खारात गुडघाभर चिखलात उभी राहून रोपाच्या मुठी पुढे देणारी ही पोर. मी म्हटलं, "तुझ्या पनवेलच्या घरी दर वर्षी तांदळाचं पोतं येतं, ते मी कुठून पाठवते गं? ढगातून?"

तिने लॅपटॉप उघडून फोटोंच्या तारखा काढल्या. फेब्रुवारी. मार्च. परत फेब्रुवारी.

"ढग असला की खालचं दिसत नाही ना," ती म्हणाली. "मशीन ढगाळ फोटो आपणच टाकून देतं. स्वच्छ तेवढेच घेतं."

"अगं, आमच्याकडे आभाळ स्वच्छ तेव्हा शेत रिकामं! शेत भरलेलं असतं तेव्हा वर ढग. लग्नघराचा फोटो मांडव सोडल्यावर काढायचा आणि खाली लिहायचं, इथे लग्न झालंच नाही. आणि ढगाने दिसत नाही म्हणून अर्धे फोटो फेकता, उरलेले नेऊन ढगात ठेवता. धन्य गं बाई तुमची."

"अख्ख्या राज्याला एकच नियम असतो, मावशी. ढगातून बघणारेही उपग्रह असतात, पण ते काम आम्हाला सांगितलं नव्हतं."

"सांगितलं नव्हतं. बरं. मग मी सांगते. दसरा-दिवाळीच्या मधे बघ. पाऊस सरलेला असतो, कापणी व्हायची असते. दहा-बारा दिवस मिळतात."

ती बसली. पाच मिनिटं म्हणाली होती, पंधरा लागली, पण फोटो निघाले. एक वर्ष सोडून, कारण त्या वर्षी पाऊस दिवाळीचे कंदील भिजवूनच गेला होता. बाकी दर वर्षी आमचा खार पिवळाधमक. मी भावजींना हाक मारली, ते चष्मा विसरून आले, आणि माझ्या बांधाला आपला बांध समजून खूश होऊन गेले.

मग भाचीने ती वर्षं एकामागून एक फिरवली. उघाडीजवळ खाऱ्या पाण्याचा एक काळा ठिपका होता. पुढच्या वर्षी जरा मोठा, मग आणखी मोठा. शेवटी चांगला अख्खा कोपराच.

"हा कोपरा कधीपासून मावशी?"

"असेल यंदाचाच."

"सहा वर्षं दिसतोय."

ग्रामपंचायतीत मीच ओरडून आले होते की पाणी यंदा पहिल्यांदा आत आलं. आणि दर वर्षी त्या कोपऱ्यात रोप कमी पडलं म्हणून सांगत होते. लोकांना सांगत होते आणि स्वतःलाही. बांधावर तर रोज जात होते.

भाचीने नकाशा नव्याने केला. तिच्या साहेबांनी आधी सांगितलं, दिलेलं काम परत उघडायचं नसतं. ती म्हणाली, मग खाली माझं नाव आहे ते काढा. शेवटी उघडलं. नवा नकाशा घेऊन मी परत अलिबागला. आता आमचा खार हिरवा, खाली लिहिलेलं: भातशेती.

साहेब म्हणाले, "बघा, झालं ना काम! पण आजी, यादी बंद झाली. पुढच्या वर्षी बघू."

मी घरी पायरीवर येऊन बसले तेव्हा माझं तोंड बघूनच भावजी म्हणाले, "यादी न्हाय तर न्हाय. मानसं हायेत ना? जोल घालू."

जोळ ही आमची जुनी रीत. घरटी एक माणूस बांधावर, ज्याने-त्याने घमेलं आपलं आणायचं. सासूबाईंच्या वेळी शेवटची झाली होती. वैशाखात, भरती कमी असते ते दिवस धरून, आम्ही उघाडीवर उतरलो. खचलेल्या बांधावर माती चढवली, झडपांना रेवदंड्याहून मोडक्या होडीच्या फळ्या आणल्या. भाची रजा घेऊन आली आणि पहिल्याच घमेल्याला चिखलात बसली.

"ये गो, ये," भावजी म्हणाले. "ढगावशी उतरलीस शेवटी!"

ज्येष्ठातलं उधाण आलं. झडपा मिटल्या. पाणी बाहेरच राहिलं.

आषाढ लागता लागता भाचीचा फोन आला. "मावशी, मे महिन्याच्या फोटोत बदल सापडला. बांधाची रेघ सलग दिसतेय. कचेरीने शेरा मारलाय."

"काय म्हणून?"

"बांध सुस्थितीत. दुरुस्तीची गरज नाही. पुढच्या वर्षीच्या यादीतून आपलं नाव काढलं."

"आणि तो बांध घातला कुणी?"

"एवढ्या वरून माणसं दिसत नाहीत. एक ठिपका म्हणजे दहा मीटर."

दहा मीटरात आमची जोळ घमेल्यांसकट मावते. मी साहेबांच्या सात पिढ्या पुन्हा घेतल्या. या खेपेला भाची माझ्यापेक्षा दोन शब्द जास्त बोलली.

आता भाद्रपद आहे. भात पोटरीला आलंय, कणीस अजून पोटात आहे. त्या कोपऱ्यातही लावलंय, विरळ आहे, पिवळट आहे, पण उभं आहे. वर आठवडाभर ढग. भाची दर दोन दिवसांनी विचारते, कोपऱ्याचं काय? तिच्याकडे फोटो नाही. मग मी छत्री घेऊन बांधावर जाते, फोन धरते आणि पाठवते. काल तिचा उलट निरोप आला, "मावशी, खाली तारीख टाकत जा."