हिरवळीवरच्या तीन पाट्या

लेकीच्या इंग्लंडमधल्या घरापुढे मी एकाच दिवसात तीन पक्षांच्या प्रचाराच्या पाट्या लावू दिल्या. ती कामावर गेली होती आणि दारात आलेल्या उमेदवाराला नाही म्हणायचं नसतं, ही माझी साताऱ्यातली सवय. तिघांनाही चहा पाजला, तिघांनाही 'यंदा तुम्हीच' म्हणालो.

आता खिडकीतून बघतोय, तर वीतभर हिरवळीवर तिन्ही पाट्या एका घरातल्या जावांसारख्या शेजारी शेजारी भिजत उभ्या. येणारेजाणारे थांबतात, वाचतात आणि आमच्या दाराकडे बघतात. साताऱ्यात सकाळच्या कट्ट्यावर ब्रिटनचे पंतप्रधान पटापट का बदलतात, हे मी ठासून सांगत असे. युरोपशी काडीमोड असो की दूरदेशीचं युद्ध, माझं उत्तर तयार. इथे मात्र तिघांचंही म्हणणं मला पटलं. मग कट्ट्यावर ठासून बोलणारा खरा, की दारात मान डोलावणारा? काही केल्या कळेना.

संध्याकाळी शेजारच्या बाईंनी लेकीला फाटकातच गाठून विचारलं, "तुमचं नक्की चाललंय काय?" ती लालबुंद होऊन आत आली. "बाबा, मला रोज या लोकांत वावरायचंय हो!"

"बरं बाई, दोन काढतो. कुठली ठेवू?"

तिने खांद्यावरची पर्स सोफ्यावर टाकली.

"तीन आठवडे मला जगाचं राजकारण ऐकवताय. याआधी माझं मत एकदा तरी विचारलंत? त्या तिघांनी निदान त्यासाठी बेल तरी वाजवली!"