पायाखालची माती

"पाय उचल," मालकीणबाई म्हणाल्या.

मी उचलला. त्यांच्या अंगणात आम्ही सात-आठ बाया तूर निवडत होतो. त्यांनी माझ्या पायाखालची चिमूटभर माती घेतली, मीठ-मिरचीत मिसळली, तापाने फणफणलेल्या नातवावरून उतरवली आणि चुलीत टाकली. नजर लागलेली असली की मिरचीचा ठसका उठत नाही, असं आमच्याकडे मानतात. उठला नाही.

"हिचीच नजर. डोये पाह्यले का हिचे? बेडकावानी उड्या मारतात."

"हिले एकाच टायमाले दोन गावं दिसत असतीन," एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून मला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

मला आजार आहे. कुणी नसताना आवाज येतात. नऊ वर्षं गोळ्या घेते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्यासमोर पेन हळूहळू सरकवला. पेन सरळ गेला. माझे डोळे मागे राहिले, मग उडी मारून पुढे गेले.

"मावशी, या आजारात बऱ्याच जणांचे डोळे असे होतात. तुमचा दोष नाही."

"गोळीनं थांबतीन?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

हे मी अंगणात सांगायला हवं होतं.  मग मी नजर लावते हे बोलणं माझ्या पोरीच्या सासरी पोचलं. तिचं पहिलं बाळंतपण माझ्या घरी व्हायचं होतं. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. विहीणबाईंचा फोन आला.

"पोरीले आमी नाही धाडत. लेकरू झाल्यावर तुमीबी येऊ नका."

मी "हाव, बरं" म्हणाले. एवढंच.

पंधरा दिवसांनी मालकीणबाईंच्या नातवाला पुन्हा ताप. त्या मीठ-मिरचीची वाटी घेऊन आल्या. "पाय उचल."

मी उठले. दोन्ही पाय रोवले.

"नाही उचलत. माह्या डोयाले आजार हाय. लेकराले दवाखान्यात न्या."

"तू मले शिकवतं का वं? चौथी शिकलेली!"

त्यांनी वाकून माझी पोटरी ओढली. पाय हलला नाही.

"उद्यापासून येऊ नको."

बाकीच्या बाया खाली मान घालून तूर निवडत राहिल्या. माझ्या डब्यातलं खाणाऱ्यासुद्धा.

पोरीला मुलगी झाली, हे शेजारणीकडून कळलं. दुपटी पेटीतच आहेत. सासरचे नात माझ्या नजरेला पडू देणार नाहीत, हे मला माहीत आहे. डोळेही मरेपर्यंत असेच राहतील.

माझ्या पायाखालची माती ज्याला हवी, त्याने मी मेल्यावर घ्यावी. जिवंतपणी हा पाय उचलणार नाही.